भिंतीवरच्या हसऱ्या तोंडाच्या मालकीबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
प्रेक्षक तक्रार विभाग,
ब्रॅम्बलगेट टेलिव्हिजन,
मँचेस्टर.

अर्जदार : इद्रीस युसूफ लुनात, निवृत्त बसचालक, राहणार बोल्टन.

विषय : 'अल्विदा अँड सन्स' या विनोदी मालिकेत व तिच्या जाहिरातीत अर्जदाराचे हसणे भलत्याच जागी चिकटवल्याबाबत, आणि त्याच हसण्याची नासधूस केली म्हणून उलट अर्जदारावरच बजावलेल्या नोटिशीबाबत.

संदर्भ : १) आपल्या विधी विभागाची नोटीस.
२) अर्जदाराच्या यापूर्वीच्या तक्रारी, ज्यांना आपल्या कार्यालयाने 'मोलाचे अभिप्राय' असे नाव दिले आहे.

महोदय,

१. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की, अर्जदाराने कंपनीच्या मालकीच्या जाहिरातफलकावरील 'एका वयस्कर मुस्लिम प्रेक्षकाचे तोंड' सुरीने कापून नेले. हे खरे आहे. ते तोंड अर्जदाराचे होते, एवढेच नोटिशीत लिहायचे राहून गेले. ते राहून कसे गेले हे आपणांस ठाऊक असेलच. तरी रीतसर नोंद असावी म्हणून घडले ते सादर करीत आहे.

२. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आपल्या कंपनीची जेम्मा नावाची मुलगी आमच्या समाजमंदिरात आली. तेथे आम्ही म्हातारी माणसे बुधवारी चहाला जमतो. ती म्हणाली, "आमच्या नव्या मालिकेत लिहिणारा मुस्लिम, नट मुस्लिम, कपडेवालीसुद्धा मुस्लिम. फक्त हसणारे तेवढे गोरे आहेत. ते बरं दिसत नाही." त्यावर आमचे हनीफभाई बक्स यांनी विचारले, "म्हणजे आम्ही फक्त हसायचं?" ती म्हणाली, "अगदी मनापासून!" हलाल कोंबडीचे सँडविच आणि जायला-यायला गाडी मिळेल असे सांगण्यात आले. आयुष्यभर दुसऱ्यांना बसमधून नेणाऱ्या अर्जदाराला कुणी न्यायला येणार, याचे अप्रूप वाटले. म्हणून अर्जदार गेला. चूक झाली असेल तर एवढीच.

३. स्टुडिओत मशिदीतली मय्यतीला आंघोळ घालायची खोली उभी केली होती. फरशी, नळ, फळी, सगळे हुबेहूब. त्यात छातीपर्यंत दाढी लावलेला एक नट मय्यतीला गुस्ल देणारा म्हातारा झाला होता. तो नाकात बोलायचा आणि दुआ म्हणताना मध्येच क्रिकेटचा स्कोअर विचारायचा. मग त्याने बादलीतले पाणी मनगटावर घेऊन पाहिले, "अजून उकळलं नाही" म्हणाला, खिशातून चहाची पुडी काढून बादलीत बुडवली आणि मय्यतीच्या छातीवर कप ठेवून चहा प्यायला. मागच्या रांगा खदखदून हसल्या. अर्जदार हसला नाही. शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणाली, "हसा की, तुमच्यासाठीच आहे." तरीही हसला नाही.

४. का हसला नाही, हे आपल्या विभागाने आजवर विचारलेले नाही. तरी सांगतो.

आमच्या मशिदीत पुरुषांच्या मय्यतीला गुस्ल देण्याचे काम अहमदभाई मांगेरा करीत आले. बस हाती येण्यापूर्वी आम्ही दोघे एकाच गिरणीत लागलो, एकाच रस्त्यावर घरे घेतली. माणूस गंभीर नाही. जमातीत कुणाचे पोट सुटलेले दिसले की ते भर पंगतीत म्हणायचे, "जरा कमी खा रे, शेवटी उचलायचं मला आहे." त्यावर सगळी पंगत हसायची, पोटवालाही हसायचा. तेव्हा आम्हांला विनोद कळत नाही असा जो सूर आपल्या पत्रांतून निघतो, तो कृपया काढून टाकावा.

पुढचे लिहिताना 'अर्जदार' असे लिहिणे जमत नाही, म्हणून 'मी' लिहितो. माझा मुलगा इलियास मोटरवेवर अपघातात गेला. त्याला मशिदीत आणले तेव्हा रिवाजाप्रमाणे बापाने आत जायचे होते. माझे पाय दाराशीच थांबले. अहमदभाई म्हणाले, "तुम्ही इथंच बसा." ते एकटे आत गेले. आत पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाह्या खांद्यापर्यंत ओल्या होत्या. म्हणाले, "पाणी कोमट होतं, इद्रीसभाई. मी हातावर घेऊन बघितलं. त्याला गार लागलं नाही."

आता त्या बादलीत चहाची पुडी पडली तेव्हा मी हसलो असेन का, हे आपणच ठरवावे.

५. मग अर्जदार हसला कोठे? सांगतो. मध्यंतरी एका दृश्यासाठी दिवे पुन्हापुन्हा लावत होते. हनीफभाईंना बसल्या जागी झोप लागली. तेवढ्यात टाळ्या वाजवण्याची पाटी पेटली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हनीफभाई दचकून जागे झाले, दुआ संपली असे समजून दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मोठ्याने म्हणाले, "आमीन!" पुढच्या रांगेतली मडमही गडबडून "आमीन" म्हणाली. तेव्हा अर्जदार हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, नवी कवळी सुटायची वेळ येईपर्यंत हसला. आपला कॅमेरा नेमका तेव्हा अर्जदाराकडे वळला.

६. मालिका दाखवली गेली तेव्हा चहाची पुडी बादलीत पडली आणि लगेच पडदाभर अर्जदाराचे तोंड आले, उघडे, कवळीसकट. जुम्म्याच्या नमाजापर्यंत ते गावातल्या प्रत्येक फोनवर पोहोचले होते. खाटकाच्या दुकानात एक जण म्हणाला, "चाचा, अर्धा किलो खिमा आणि जरा दात दाखवा." अर्जदाराच्या मुलीला, सफियाला, तिच्या सासूने विचारले, "तुझ्या अब्बांना बरं नाही का?" शेजारचा कीथ कुंपणावरून अंगठा दाखवत म्हणाला, "शाब्बास इद्रीस! तुझ्यासारखे सगळे असते तर भांडणच उरलं नसतं." शिव्या देणाऱ्यांना उत्तर देता येते. या शाबासकीचे काय करायचे?

पुढे आपण त्याच तोंडाचा फलक काढला. त्यावर लिहिले, 'कोण म्हणतं हे लोक हसत नाहीत?' आणि तो कोठे लावला? मशिदीच्या गाड्या लावतात त्या जागेसमोरच्या भिंतीवर. नमाज पढून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला समोर अर्जदाराच्या उघड्या तोंडातली टाळू दिसत असे.

७. अहमदभाईंनी चहाला येणे बंद केले. अर्जदार त्यांच्या घरी गेला तर भर दुपारी भाभी दारातूनच म्हणाल्या, "झोपलेत." शेवटी एकदा मशिदीत चपलांच्या फळीजवळ गाठ पडली. अर्जदार म्हणाला, "अहमदभाई, मी त्यावर हसलो नव्हतो." ते म्हणाले, "तुमच्यावर राग नाही. परवा एकाला गुस्ल देताना मी मनगटावर पाणी घेतलं. मदतीला त्याचा नातू होता. तो मान खाली घालून उभा, आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसू दाबतोय, मला कळेना. इतकी वर्षं मला कळायचं."

त्याच आठवड्यात त्यांनी गुस्लखान्याची किल्ली कमिटीकडे दिली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी वारले की शेजारच्या गावाहून माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत मय्यत थांबते. आपल्या मालिकेला मिळालेल्या बक्षिसांच्या यादीत ही बाबही नोंदवावी.

८. अर्जदाराने तक्रार केली. उत्तर आले की, 'समाजातील ज्येष्ठांनी मालिकेचे मनमोकळे स्वागत केले असून पुराव्यादाखल छायाचित्र जोडले आहे.' छायाचित्र अर्जदाराचे होते. तक्रार करणारा तोच, आणि तक्रार खोटी पाडणारा साक्षीदारही तोच! असला न्याय आमच्या गिरणीतल्या मुकादमालाही सुचला नव्हता.

दुसऱ्या तक्रारीनंतर मालिकेचा लेखक झोहेब याने फोन केला. बोलायला गोड मुलगा. म्हणाला, "चाचा, मी शाळेत होतो तेव्हा टीव्हीवर आपला माणूस दिसला की एकतर बॉम्ब घेऊन यायचा, नाहीतर बहिणीचा गळा दाबायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात माझी धुलाई. आता लोक आपल्याला बघून हसतात. घाबरण्यापेक्षा बरं नाही का?"

त्याचे म्हणणे अर्जदाराला नाकारता आले नाही. ते दिवस अर्जदारानेही बसच्या काचेमागे बसून काढले आहेत. अर्जदाराने एवढेच विचारले, "बेटा, तू कधी मय्यतीला गुस्ल दिलास?"

"नाही."

"दिलेला पाहिलास?"

"नाना गेले तेव्हा मी बाहेर होतो."

"मीही बाहेरच होतो. मग आतलं तुला कुठून कळलं?"

"चाचा, ते कल्पनेनंच लिहितात."

"आणि कल्पनेत तुला चहा सापडला?"

तो म्हणाला, "त्या दृश्याचा दुसरा भाग कडक होता, साहेबांनी काढायला लावला. त्यात म्हातारा रडतो." पुन्हा फोन करतो म्हणाला. केला नाही. या मुलावर अर्जदाराचा रोष नाही. ज्या साहेबांनी रडणे काढले आणि चहा ठेवला, त्यांच्यावर आहे. ते आपणच असल्यास हा अर्ज योग्य ठिकाणी पोहोचला असे समजावे.

९. अर्जदाराने मग साधी मागणी केली. चहाच्या वेळचे आपले खरे तोंड कोणत्या तरी कॅमेऱ्यात असेल, ते दाखवावे. आपल्या कार्यालयाने कळवले की, 'न हसणारे चेहरे जतन केले जात नाहीत.' हसणारे मात्र चांगले जतन होतात. कारण त्यानंतर अर्जदार आपल्या आणखी कार्यक्रमांत हसताना आढळला. शीख टॅक्सीवाल्याच्या पगडीवर हसला. तमिळ लग्नातल्या नवरीच्या बापावर हसला. बुरख्यातली बाई चुकीच्या नवऱ्याबरोबर घरी जाते, त्यावर तर दोनदा हसला. ज्यांना अर्जदार कधी भेटला नाही, त्यांच्या अपमानाला तो हजर होता. सफिया म्हणाली, "अब्बा, आता टीव्ही लावायची भीती वाटते. कुठूनही तुम्ही निघाल."

१०. आता नोटिशीतील घटनेकडे वळतो. अर्जदाराने जुम्म्याच्या नमाजानंतर, भर उजेडात, घरातले स्टूल आणि गालिचा कापायची सुरी नेली. लपूनछपून काही केले नाही. माणसे गाड्यांपाशी उभी राहून बघत होती, पण स्टूल डगमगत असताना धरायला कोणी येईना. तेव्हा हनीफभाई पुढे आले. आधी याच हनीफभाईंनी 'मी झोपलो होतो, झोपलेला माणूस काय साक्ष देणार' म्हणून अर्जदाराच्या तक्रारीवर साक्षीदाराची सही करायला नकार दिला होता. म्हणाले, "साक्ष देता येत नाही. स्टूल धरता येतं."

तोंड ओठांच्या कडेने नीट कापले. बाकी चेहरा ठेवला. डोळे तसेच हसरे, आणि खाली विटा.

पोलीस शिपाई आला. तरुण होता, अदबीने बोलला. "आजोबा, हे कुणाचं आहे?"

"माझं."

"मग फाडता का?"

"माझं नाही म्हणून."

त्याने खालचा बारीक मजकूर वाचला आणि आपल्या नोंदीत मालक म्हणून कंपनीचे नाव लिहिले. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. भिंतीवर तसेच लिहिले होते.

११. कापलेले तोंड गुंडाळून अर्जदार थेट अहमदभाईंच्या घरी गेला. भाभी "झोपलेत" म्हणायच्या आधीच आत शिरला आणि जेवणाच्या टेबलावर ते पसरले. भाभींनी ताटे उचलली, कारण टेबल पुरेना. अहमदभाईंनी चष्मा लावून पाहिले.

"हे तुम्ही कशावर हसत होता?"

अर्जदाराने झोप, पाटी, टाळ्या, आमीन आणि मडम असे सगळे सांगितले. अहमदभाई आधी ओठ आवळून बसले. मग म्हणाले, "हनीफ? मोठ्यानं?" आणि त्यांना असे हसू फुटले की चष्मा काढावा लागला. भाभीही दाराआड हसल्या. चहा झाला. किती महिन्यांनी झाला ते आपणांस सांगून उपयोग नाही.

मग ते कागदाची घडी घालत म्हणाले, "मला पटलं. पण इद्रीसभाई, भिंत साऱ्या गावानं बघितली. टेबल आपण तिघांनीच बघितलं."

अर्जदाराने किल्लीचा विषय काढला. त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले.

१२. सबब विनंती, आणि विनंती न मानल्यास मागणी, की : नोटीस मागे घ्यावी. भिंतीवर उरलेला चेहरा उतरवावा. अर्जदाराचे हसणे जेथे जेथे चिकटवले आहे तेथून सोडवावे. माफीनामा पाठवू नये, त्यावरही छायाचित्र लावाल. आणि 'प्रतिनिधित्व' हा शब्द पुन्हा अर्जदाराच्या घरी टपालाने येऊ नये. अर्जदार कोणाचा प्रतिनिधी नाही. तो एका माणसाचा मित्र होता आणि एका मुलाचा बाप. त्या दोन्ही ठिकाणी आपण हात घातला आहे.

गुस्लखान्याची किल्ली आजही कमिटीच्या खिळ्यावर आहे. ती तेथे असेपर्यंत अर्जदार आपल्या प्रत्येक फलकासमोर स्टूल घेऊन उभा राहील. दंड, कोर्ट, काय असेल ते पाठवावे.

येथे 'आपला' असे लिहून सही करण्याची पद्धत आहे. परंतु आपण आधीच माझे बरेच काही आपले म्हणून घेतले आहे, त्यात भर घालू इच्छित नाही.

स्वतःचा,

इद्रीस युसूफ लुनात
बोल्टन, ६ मार्च २०२३

सोबत : आपली नोटीस, परत.