फाटक उघडं राहण्याची शक्यता

नगरा, झाशी. १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुक्ताला रेल्वे फाटकाच्या स्वयंचलित यंत्रणेवरचा प्रबंध उद्या द्यायचा होता. आज संगणकाने त्या यंत्रणेच्या साऱ्या शक्यता तपासल्या आणि एक वाट दाखवली. गाडी येत असल्याचा निरोप लागोपाठ दोनदा हरवतो, फाटक उघडंच राहतं.

"शक्यता किती?" मी विचारलं.

"नगण्य, बाबा. पण मी शून्य धरली होती. एकदा हरवलेला निरोप पुन्हा कशाला हरवेल, असं वाटलं."

"मग?"

"प्रबंध उद्या देत नाही. आधी ही चूक दुरुस्त करते. माझे मार्गदर्शक सरजी चिडतील. चिडू देत."

आणि हसत होती! नगण्य आणि शून्य. मी जन्मभर दोन्ही शब्द सारखेच वापरले. न घडलेले इतके दिवस संगणकाने पाहिले तरी कसे? त्यातल्या एका दिवशी कोणी सायकल ढकलत रूळ ओलांडत असेल. तो सुखरूप पलीकडे जाईल, आणि त्याला मुक्ताचं नावही कळणार नाही.