दाजीपुरातली शीळ

रविवार, ६ सप्टेंबर १९९८

दाजीपूरजवळ पर्यटकांसाठी तंबू टाकतोय, त्यासाठी आज जनरेटर चालवून बघितला. मधूनच बारीक शीळ ऐकू आली. बेअरिंग गेलं! कारखान्यात लेथवर उभी हयात गेली, आपला कान फसायचा न्हाय. जनरेटर बंद केला, तरी शीळ चालूच. शेजारचे धनगर विठूमामा हसत सुटले. "पावणं, पाखरू हाय ते! तेल घालताय व्हय त्याला?"

मग दोघं झऱ्याकाठी बसून राहिलो. धुकं पायांपर्यंत आलं, डोंगर दिसेनासे झाले, उरली नुसती ती शीळ. जनरेटर लावला तर ती बुडणार. पण शहरातल्या लोकांना विजेच्या दिव्यांशिवाय करमेल का? नाही करमलं तर धंदा बसेल. बसू दे. कंदीलच ठेवायचे.

"मामा, यंत्र परत नेतो," म्हणालो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.