दुभाषी रजेवर

दि. ९ मार्च, दुपार

चि. बाळ्यास,

आईचे आशीर्वाद. तब्येत आधीच विचारून घेते, कारण पुढे तुझी खरडपट्टी आहे.

इकडे सगळं ठीक. कपडे वाळत घालायचा दोर तुटला होता, तो मी आणि सूनबाईने मिळून बांधला. तिने तिच्या भाषेत सूचना दिल्या, मी मराठीत नकार दिला. गाठ टिकली आहे.

परगावी कामाला निघताना तू म्हणालास, "माझ्याशिवाय तुम्ही दोघी बोलणार कशा?" अरे, बोललो कसल्या, कडाकडा भांडलो!

मंगळवारी भाजी पुन्हा खारट. मी मिठाची बरणी उचलून कपाटात कोंडली. सूनबाई भडकली. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघींनी काही शिल्लक ठेवलं नाही. मग तिने भाजीकडे बोट केलं, माझ्याकडे केलं आणि तुझं ते लोणकढं हसू हसून दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं मी सांगतेय, "तिला म्हणावं, मीठ कमी घाल." आणि तू तिला सांगत होतास, आईला फार आवडली! बिचारी आणखी चमचाभर घालायची.

दुसरी लबाडीही उघडी पडली. तिने गालाखाली हात घेऊन डोळे मिटले, मग पातेलं आपटलं आणि दचकून उठली. म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या पोरीला मी रोज भांडी घासून उठवतेय. आणि तू मला काय सांगायचास? "आई, ती म्हणते, तुझ्या भांड्यांच्या आवाजाने घर भरल्यासारखं वाटतं." मेल्या, मी मुद्दाम जोरात घासायचे!

तुझ्या फोटोसमोर उभ्या राहून आम्ही पोट धरधरून हसलो.

सांगणार नव्हते, पण सांगते. मावशीकडे कायमचं जायचं म्हणून मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. तुझ्या तोंडून तिचं बोलणं नेहमी गोडच यायचं, आणि इतकं गोड तर माणूस पाहुण्यांशीच बोलतं. आपल्याच घरात पाहुणी होऊन मला कंटाळा आला होता रे. काल झाडताना तिला ती बॅग सापडली. एकेक कपडा काढून माझ्या कपाटात ठेवत ती मला फाडफाड बोलली. बोलता बोलता रडली. मीही रडले.

कागदाच्या मागची ओळ तिची, तिच्या लिपीत. लिहिताना ती दातओठ खात होती, त्यामुळे अर्थ मला कळला आहे. गोड करून सांगू नकोस.

सावकाश ये. आलास की तोंड फक्त जेवायला उघड.

तुझी, आणि भांडून मिळवलेल्या लेकीची,
आई