घट्ट झाकणांचे डबे

ता. ९ जानेवारी

चि. चिमटी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चिमट्याने दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या बहिणीलाच आता डॉक्टरांनी दुरुस्तीला घेतलंय, हे वाचून तुझ्या वहिनीचा चेहरा उतरला. मला हसू आलं. शरीर राखणारी शक्ती शरीरावरच उलटते म्हणे! अठ्ठावन्न वर्षांत असला आजार मी ऐकला नाही. सांधे दुखले की वय झालं म्हणायचं आणि कामाला लागायचं, ही आपली रीत. डॉक्टर लोकांना नवं नाव सापडलं की गिऱ्हाईक मिळतंच, आणि तू तर दारात उभीच होतीस.

काही शंका आहेत, त्या तुझ्या विद्वानाला विचार. हा रोग लागट आहे का? शेजारचा शिंपी विचारत होता, मी नाही. लहानपणी तू आंबट फार खायचीस, त्याचं हे फळ का? आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी म्हणजे औषध आहे की आठवडी बाजार?

पेचकसाच्या मुठीला चिंधी गुंडाळून काम करतेस असं लिहिलंस. अगं, हत्याराला लंगोट नेसवणारा कारागीर मी आजवर पाहिला नाही. बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर शिकवलं. आधी शिरोरेषा, एका दमात, मग अक्षरं तिला टांगायची. रेघ तुटली की पाटी पुसायची. दुकानांच्या पाट्या रंगवताना मी आजही तसंच करतो. तोच हात तुला मिळालाय, तेव्हा नाटकं सोड.

सोबत चूर्णाचे दोन डबे पाठवतोय. प्रतिकारशक्ती दुप्पट होते असं वर छापलंय. अक्षर भिकार आहे, पण औषध गुणी असावं. मीही काही महिने घेतोय, उगाच आपलं ताकदीसाठी.

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर रडगाणं कमी कर.

तुझा दादा

ता. १७ जानेवारी

ति. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या शंका डॉक्टरांना वाचून दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. शिंप्याला सांग, हा आजार लागट नाही. असता तर सगळ्यात आधी सल्ले देणाऱ्यांना लागला असता, कारण तेच मला खेटून बसतात. आंबटाचाही काही संबंध नाही. माझ्या काउंटरवर रोज एक शहाणा कोपर टेकतो. एकाने उपास सांगितला, एकीने तांब्याचं कडं आणलं, तिसरी म्हणाली की मी मनात कुढते म्हणून झालं. स्वतःच्या घड्याळाला किल्ली द्यायची ज्यांना आठवण राहत नाही, ते मला माझ्या रक्ताचा कारभार शिकवतात. यादीत तुझं नाव नव्हतं म्हणून बरं वाटत होतं. तुला इतके महिने कळवलं नाही ते काही उगाच नाही.

आता तुला झेपेल असं सांगते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, तसं हे आहे. बाहेरचे जंतू मारायला ठेवलेली फौज आपलं-परकं विसरते आणि घरच्यांनाच बदडते. कुणाची कातडी धरते, कुणाची गळ्यातली ग्रंथी, माझे सांधे धरले. ती का उलटते ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांनी हे सरळ कबूल केलं. तुझ्या शिंप्याने केलं नसतं. आणि अशा माजलेल्या फौजेला तू खुराक पाठवतोस! डब्याचं झाकण माझ्या बोटांना उघडलं नाही, हा त्या चूर्णाचा मला झालेला एकमेव फायदा. एक डबा दार अडवायला कामी येतोय.

चिंधीचं म्हणशील तर सकाळी तासभर माझी बोटं वळत नव्हती. कोमट पाण्यात धरून बसायचे. सुरुवातीचे आठ महिने मी तेल चोळण्यात घालवले, आणि त्या आठ महिन्यांची आठवण म्हणून उजवी करंगळी कायमची वाकडी राहिली. आठवडी बाजाराची गोळी सुरू होऊन आता पाचवा महिना आहे. पहिले दोन महिने काहीच कळलं नाही. मागच्या सोमवारी मात्र मी बायकी घड्याळातला कणीएवढा स्क्रू बसवला, चिंधीशिवाय. हे रडगाणं नव्हे, बातमी आहे.

वहिनीला नमस्कार. असेल तेवढा लोभ पाठव, चूर्ण नको.

तुझी बहीण

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमटी हिस आशीर्वाद.

तुझी जीभ शाबूत आहे, म्हणजे रोग तितका पसरलेला नाही.

इकडे कामाची घाई आहे. वाचनालयाची वीस फुटी पाटी माझ्याकडे आली आहे, मार्चअखेर लावायची. समितीतले अर्धे लोक आयुष्यात एक पुस्तक न वाचलेले. त्यांना फ्लेक्स छापून हवा होता. हाताने रंगवणारा गावात मी एकटा उरलोय, मी जिवंत असताना वाचनालयावर फडकं लावाल का, असं मी भर बैठकीत विचारलं. तेव्हा कुठे काम दिलं. आता ही पाटी वेळेत लागली नाही तर ते दात काढायला मोकळे, आणि मग पुढे कुणीच मला पाटी देणार नाही.

पण हल्ली धड माल कुठे मिळतो? रंगाच्या डब्यांची झाकणं कारखानदार इतकी घट्ट बसवतात की जणू आत रंग नाही, चोरीचा माल आहे. ब्रशच्या मुठी काडीसारख्या, फडकं गुंडाळल्याशिवाय हातात ठरत नाहीत. सदऱ्याची बटणंसुद्धा आता मुंग्यांच्या मापाची करतात. सगळा जमाना नालायक झालाय.

शिंप्याच्या आणखी शंका आहेत. माणूस चिकट आहे, पिच्छा सोडत नाही. हे पुरुषांना होतं का? एका रक्ताच्या माणसांत होतं का? सूज नखाजवळच्या पेरांना येते की मधल्या? दोन्ही हातांना एकदमच? तुझा तो सकाळचा तास साठच मिनिटांचा की अकरा वाजेपर्यंत लांबतो? आणि गेलेली पकड परत येते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लवकर पाठव. शिंप्याला घाई आहे.

लोभ ठेव, टोमणे आवर.

तुझा दादा

ता. १० फेब्रुवारी

ति. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या वयाचा पूर्ण मान राखून लिहिते, की तू अत्यंत मूर्ख माणूस आहेस.

आधी शिंप्याची उत्तरं. पुरुषांना होतं, बायकांपेक्षा कमी. एका रक्तात होऊ शकतं, होईलच असं नाही. सूज बहुधा मधल्या पेरांना आणि बोटांच्या मुळाशी, आणि बहुधा दोन्ही हातांना. सकाळचा तास ज्याच्या त्याच्या आजाराएवढा, माझा कधी कधी अकरापर्यंत जायचा. सुजेने गेलेली पकड औषधाने बरीच परत येते. हाड खाल्लं गेलं की ते परत येत नाही. हा आजार मुळासकट जात नाही, पण त्याला वेसण घालता येते, आणि ती जितकी लवकर घालावी तितकं शेत वाचतं.

आता तुझ्याबद्दल. टवाळी करायला कुणी पेरं मोजत नाही, दादा. तुझी दोन्ही पत्रं मी दुकानातल्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. जानेवारीच्या पत्रात शिरोरेषा प्रत्येक ओळीत दोन-तीनदा तुटलेली आहे. मला वाटलं टाक बिघडला. या पत्रात ती प्रत्येक अक्षराला तुटलीय. एकेका अक्षरावर एकेक तुकडा, धाप लागल्यासारखा. बाबांनी असली पाटी शंभरदा पुसायला लावली असती. झाकणं घट्ट नाहीत, बटणं लहान झालेली नाहीत. आणि हत्याराला लंगोट कुणी नेसवला रे?

मला फार राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. माझी करंगळी गेली तर घड्याळं चालतात. तुझा सगळा हात उजव्या तर्जनीवर उभा आहे.

सांध्यांच्या डॉक्टरकडे या आठवड्यात जायचं. रक्त तपासायचं. चूर्ण बंद करायचं आणि तो डबा त्यांना नेऊन दाखवायचा, त्यात काय कोंबलंय देव जाणे. माझ्या गोळीचं नाव ऐकून दुकानातून आणून खायची नाही, ती रक्त तपासत राहून घ्यावी लागते. आणि शिंप्याला सोबत न्यायचं नाही. वहिनीला न्यायचं, कारण ती खरं बोलते.

पुढचं पत्र डॉक्टरांकडून आल्यावरच लिही. तोवर लोभसुद्धा नको.

तुझी बहीण

ता. २८ मार्च

चि. चिमटी हिस अनेक आशीर्वाद.

या पत्रातल्या रेघा माझ्या आहेत, अक्षरं वहिनीची. मी रेघ ओढतो, ती शब्द टांगते आणि मधूनमधून स्वतःचं मत घुसडते. रेघ अजून तुटते. आज एका ओळीत चारदाच.

डॉक्टरकडे गेलो. त्याच्या दारावरची पाटी इतकी भिकार आहे की आत जावंसं वाटेना. त्याने सगळे शिंप्याचेच प्रश्न विचारले, जणू आपली पत्रं वाचून बसला होता. कधीपासून दुखतंय विचारलं तेव्हा मी जानेवारी म्हणालो. तुझी वहिनी म्हणाली, मागच्या उन्हाळ्यापासून, आणि चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. भर दवाखान्यात माझी अब्रू काढली. तू म्हणालीस तेच निघालं. बाजाराची गोळी सुरू आहे. चूर्णाचे डबे वहिनीने रिकामे केले, त्यांत आता ब्रश ठेवलेत. शेजारच्या शिंप्याला काहीही झालेलं नाही. तीन महिने तो आजारी होता हे त्याला माहीतही नाही.

वाचनालयावर फ्लेक्स लागला. समितीतल्या एकाने मला मुद्दाम बोलावून दाखवला. वारा सुटला की नाव फडफडतं आणि मधली दोन अक्षरं दुमडतात. हाताने रंगवलेली पाटी द्यायला मी सहा महिने मागितले. ते दात काढत हो म्हणाले, आपण पुस्तकं न वाचणाऱ्यांकडून काय अपेक्षा करायची? पण हो म्हणाले.

बाकीची सूज उतरेल असं डॉक्टर म्हणतो. उजवी तर्जनी मात्र पुरती सरळ होणार नाही. फोटोत हाड खाल्लेलं दिसतंय. तेलाचे तुझे आठ महिने, चूर्णाचे माझे आठ. एका पाटीवर शिकलेली माणसं, दुसरं काय होणार. हे लिहिताना वहिनी थांबली होती, मी तिला लिही म्हटलं.

आता एकच शंका उरली आहे. त्या वाकड्या करंगळीने तू चिमटा कसा धरतेस, बोटं कुठे टेकवतेस, जोर कुठून आणतेस, ते नीट चित्र काढून पाठव. शिंप्याला नको आहे. मला हवं आहे.

लोभ तू मागितला नाहीस, तरी आहे तो सगळा पाठवतोय.

तुझा दादा