घाटात काटा वर

मंगळ. ५ मे
ह्यांचं डायलिसिस झालं. बीडला जाताना उतार, गाडी गुमान गेली. येताना मांजरसुंब्याच्या घाटात गरमीचा काटा लाल पट्टीला. बॉनेटमधून वाफ. हे मागच्या सीटवर आडवे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, म्हटलं काही सांगतील. "थंड होऊ दे," एवढंच. पाऊण तास उन्हात. नेकनूरला घरी आले ते मी तशीच पडले, जेवण न्हाई.

बुध. ६
गावातल्या रऊफच्या गॅरेजला गाडी. "काकू, सपाटीला तापत न्हाई, चढालाच तापती. पाणी फिरत नसंल." थर्मोस्टॅट बदलला.

शुक्र. ८
परत तेच. रऊफनं सांगितलं होतं, घाटात हीटर लावा, इंजिनची गरमी आत ओढून घेतो. मे महिन्यात हीटर! काटा खाली आला, पण हे घामानं चिंब, ओठ पांढरे. बंद केला. काटा वर. स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. ह्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला.

रवि. १०
रेडिएटर काढून साफ केला. बोअरचं पाणी ओतून ओतून आत पांढरा थर. ओतणारी मीच. रऊफ म्हणे हेच कारण. बरं वाटलं, चूक माझी निघाली तरी.

मंगळ. १२
ते कारण नव्हतं. येताना चार वेळा थांबले.

बुध. १३
रऊफनं रेडिएटरचं झाकण काढून मला रेस द्यायला लावली. पाण्यात बुडबुडे. हेड गॅस्केट गेलंय. चढाला जोर लागला की इंजिनातला गॅस पाण्यात घुसतो. इंजिन खोलावं लागणार.
हात पुसत म्हणाला, "काकाला कळलं न्हाई असं कसं? त्यांना तर नुस्त्या आवाजावर कळतंय."
घरी येऊन विचारलं. भिंतीकडं बघून म्हणाले,
"कळलं होतं."
"मग बोललात कावून न्हाई?"
"गाडी बसली तं बीडला जायचंबी बंद हुईल, सुटका हुईल वाटलं. लई दमलो गं."
मी भाकरी टाकायला उठले. दुसरं काय करणार.

शुक्र. १५
बसनं गेलो. ड्रायव्हरनं ह्यांना ओळखलं, वाकून पाया पडला, पुढची सीट दिली. हे बीड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. परतताना उभं राहवेना. दोघांनी धरून चढवलं.

सोम. १८
गाडी झाली. रऊफला घेऊन घाट चढून आले. काटा अर्ध्यावर, हलला न्हाई. रऊफ खूश. ह्यांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. चिडून न्हाई, साधंच.
उद्या येता का, असं विचारलं न्हाई. विचारलं आणि नको म्हणाले तर… दवाखान्याची फाईल पिशवीत ठेवली.

मंगळ. १९
आठला निघायचं होतं. सव्वाआठ. हे ओसरीत बसलेत. चपला मी घातल्या ह्यांच्या पायात.
"निघायचं का?"
"दम खाऊ दे."
शेवटी बोलून टाकलं, "तुमी नको म्हणलात तं मी ओढून न्हेणार न्हाई. पण नको म्हणायचं तं माज्याकडं बघून म्हणा."
बघितलं. मग मान खाली.
गाडी सुरू करून आत आले. पिशवी घ्यायची म्हणून आले, आणि हे लिहीत बसलीय. बाहेर इंजिन चालू हाय. ओसरीतून अजून ना हो, ना नको.