मेंढराचा पाय

सोलापूर, गुरुवार

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. मम्मीचा गुडघा कसा आहे?

रविवारी इथल्या चर्चमध्ये बायकांना बायबलमधला हरवलेल्या मेंढराचा दाखला शिकवला. तुम्ही उपदेशात सांगायचात तसाच: मेंढरू पुन्हा पळू नये म्हणून मेंढपाळ त्याचा पाय मोडतो, मग खांद्यावर घेतो.

जन्मभर मेंढरं राखलेल्या म्हाळसाबाई म्हणाल्या, "आसं कोण करतंय व्हय, ताई? कुटं लिवलंय, दाव की."

मी बायबलमधलं लूकचं पुस्तक उघडून तो दाखला वाचला. पप्पा, पाय मोडल्याचं तिथं कुठंच नाही. सापडल्यावर तो त्याला आनंदानं खांद्यावर घेतो, एवढंच आहे.

मी सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. आता आधी पुस्तकात बघते, मगच तोंड उघडते.

रागावू नका. तुम्हालाही ती गोष्ट कुणीतरी अशीच सांगितली असेल. पण लहानपणी ती ऐकल्यापासून मी भीतीनं पाय पोटाशी घेऊन झोपायला लागले, आठवतं?

रविवारपासून पाय पसरून झोपते.

तुमच्या प्रार्थनेच्या आधारानं राहणारी,
रूथ