गोराईच्या खाडीतला दिवा

अहो,

पत्राची सुरुवात तुमचं नाव घेऊन करावी म्हटलं, पण हात धजेना. उखाण्याखेरीज कधी घेतलंय का मी ते? तेव्हा नुसतं 'अहो'च.

पत्र लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. आपली शैला मागे लागली होती, "आई, मनातलं लिहून काढ, बरं वाटेल," तर मी तिच्यावरच खेकसले. पण मागच्या आठवड्यात फुलाबाई दारात आली. बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी गोराईची फुलाबाई. तुम्ही गेल्याचं तिला उशिरा कळलं. पदराखाली सुक्या बोंबलांची पुडी होती. ती माझ्या हातात दिली, भिंतीला टेकून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाय, साहेबांनी त्या दिव्याचा काय शोधला, ता मना सांग."

मी काय सांगणार? मला तुम्ही सांगितलंत कुठे!

आठवतंय ना, हे सगळं माझ्याच तोंडामुळे सुरू झालं. बाजारात पापलेटं निवडता निवडता मी कौतुकाने बोलून गेले की आमचे हे सोसायटीचं वाचनालय चालवतात आणि गूढ जागांवरची सगळी पुस्तकं यांना पाठ आहेत. तशी फुलाबाईने कोयता खाली ठेवला. तिचा मुलगा गोपाळ वादळात होडीसकट गेला होता. काहीच हाती लागलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी तिला तिन्हीसांजेला खाडीत दिवा दिसायला लागला. तिवरांच्या झाडीपलीकडे, जिथे होडी जाऊ शकत नाही, माणूस गेला तर चिखलात कमरेपर्यंत रुतेल, तिथे. गावातले लोक कानाला हात लावायचे. ती मात्र म्हणायची, "माझा गोपाळ जिता हाय. वाट चुकलाय, दिवा दावतोय."

घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं आणि त्या रात्री तुम्ही जेवलात की नुसते बोटं चाटत बसलात, देव जाणे.

तुमची पद्धत सगळ्या सोसायटीला माहीत होती. कुणी अमक्या बंगल्यात काही दिसतं म्हणालं की तुम्ही हसायचा नाहीत, घाबरायचा नाहीत, कपाटाकडे जायचात. आधी त्या जागेचा भूगोल. मग इतिहास. मग आजूबाजूच्यांनी सांगितलेल्या गोष्टी. आणि "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं" असं छातीठोक सांगणाऱ्यांची पुस्तकं सगळ्यात शेवटी, शेवटच्या खणातली. हा क्रम कुणी मोडला की तुम्हाला राग यायचा. कदमवहिनींना गच्चीवर कुणीतरी रडल्यासारखं ऐकू यायचं, त्यांना तुम्ही पक्ष्यांवरचं पुस्तक दिलंत. आठवड्याने त्या धावत आल्या, "भावोजी, घुबडच हो! पिल्लं आहेत टाकीमागे!" किती खूश झाला होतात तुम्ही. आणि मला? लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला साडी नाही, गजरा नाही, लेण्यांवरचं जाडजूड पुस्तक! "हे वाच, मग कान्हेरीला जाऊ." वाचलं मी. गेलोही. आणि खरं सांगू का, त्या दिवशी तिथल्या पाण्याच्या टाक्यांकडे बघताना अंगावर काटा आला, तो न वाचता आला नसता.

तर गोराईसाठी तुम्ही भरती-ओहोटीवरचं पुस्तक काढलंत, दलदलीवरचं काढलंत, कोळ्यांच्या चालीरीतींवरचं काढलंत. रविवारी संध्याकाळी सगळी सोसायटी टीव्हीवरच्या पिक्चरला चिकटलेली असायची आणि तुम्ही लाँच पकडून पलीकडे. मी धुसफुसायची. शैला म्हणायची, "बाबांचं गोराईला काय लफडं आहे गं?" आणि तुम्ही हसायचात.

मग तो रविवार. तुम्ही आलात ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. पाय धुवायला पाणी दिलं तरी नुसते मोरीपाशी उभे. "सापडलं गं, सुमन," म्हणालात.

"काय सापडलं?"

"आधी फुलामावशीला सांगतो. तिचा मान पहिला. मग तुला."

तो आठवडा सरायच्या आत प्रेसमध्ये छपाईचं काम करता करता तुमच्या छातीत कळ आली. मग 'मग'चं काय झालं हो? असं अर्धं सांगून जातं का कुणी?

फुलाबाईला मी हेच सांगितलं, की मावशी, त्यांना सापडलं होतं, पण तुला सांगायच्या आधीच ते गेले. तशी तिने जोरात मान हलवली. "नाय गो बाय. तो आलता ना! बुधवारी. मना बोलला, मावशी, मना काय कलला नाय."

बुधवारी? बुधवारी तर तुमचा ओव्हरटाइम होता! म्हणजे माझ्याशी खोटं बोललात. की तिच्याशी? की दोघींशी? मी म्हटलं, "मग मावशी, त्यांनी तुला उत्तर दिलंय. पुन्हा मला का विचारतेस?"

तिने माझा हात धरला. "तो खोटा बोलत होता, बाय. माझ्या तोंडाकडे बगितला पन नाय. म्हणून तुला इचारायला आली."

ती गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. वेड्यासारखी वाचत सुटले. दलदलीचं पुस्तक म्हणतं, कुजलेल्या पाल्यातून वायू येतो आणि तो कधी उजळतो. पटलं. पण वायू ठरावीक वेळेला, दिवेलागणीलाच कसा उजळेल? दुसरं म्हणतं, लांबच्या होडीचा कंदील पाण्याच्या वाफेवरून उचलल्यासारखा दिसतो. तेही पटलं. पण मग तो एकाच जागी कसा? प्रत्येक पुस्तकाला अर्धं अर्धं कळलेलं. आणि पानांत पेन्सिलीची रेघ ओढलेली तुम्हाला खपायची नाही, त्यामुळे तुम्ही कुठे थांबलात, कुठे मान डोलावलीत, काही पत्ता लागेना. आयुष्यभर दुसऱ्यांना "हे वाच" म्हणालात, आणि मला वाचायला तुमचं असं काहीच ठेवलं नाहीत!

म्हणून परवा रविवारी मी लाँचमध्ये बसले. हो, मीच. शैला सोबत येते म्हणाली, तिला नको म्हटलं.

फुलाबाई घरी एकटी नव्हती. गोपाळची बायको रखमा तिच्याजवळच राहते. तुम्ही तिच्याबद्दल कधी बोलला नाहीत. सडपातळ, खालमानेची पोर. तिने चहा दिला. फुलाबाई शेजारी कुणाला तरी हाक मारायला गेली, तेवढ्यात ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "साहेबांनी तुला सांगितला?"

"काय, गं?"

आणि मग सगळं बाहेर आलं. तिवरांपलीकडे जुन्या मिठागराचा बांध आहे, मोडका, झाडीत लपलेला. रखमाचे वडील त्या मिठागरावर कामाला होते, तिला लहानपणापासून ती वाट माहीत. पाण्याला जाते असं सांगून ती कळशीत कंदील लपवून न्यायची आणि बांधाच्या टोकाला लावायची. गोपाळसाठी. घरात लावायची सोय नव्हती. एकदा लावला, तर सासूने फुंकर घालून विझवला. "दिवा मेल्या मानसाला लावतात. माझा पोर मेला नाय!"

कळलं ना तुम्हाला? तुम्हाला तर आधीच कळलं होतं. सुनेने मेलेल्यासाठी लावलेला दिवा, आणि सासू त्याच्याकडे बघून म्हणतेय, जिता आहे. रविवारी तुम्हाला बांधावरचा कंदील सापडला होता; बुधवारी, मावशीला सांगायच्या आधी, तुम्ही तिथेच रखमाला गाठलंत. ती तुमच्या पाया पडली, म्हणाली, सासूला कळलं तर ती मरेल. आणि तुम्ही शब्द दिलात.

मला तुमचा राग आला, आणि मग तो कुणावर काढायचा तेच कळेना. दुसऱ्यांना घुबडाची पिल्लं दाखवणारा माणूस इथे कंदील बघून गप्प बसला! बरोबर केलंत की चूक? तुमच्या जागी मी काय केलं असतं?

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

रखमा म्हणाली, "साहेबांनी बगितल्यापासून मी गेलीच नाय. भीती वाटली. आई अजून रोज किनाऱ्यावर बगत बसते. कंदील तिथं, माळ्यावर हाय." मी वर पाहिलं. होता. धूळ बसलेला.

दिवेलागणीला आम्ही तिघी किनाऱ्यावर गेलो. फुलाबाई पुढे, मी आणि रखमा मागे. पाणी उतरलं होतं, चिखलाचा वास येत होता. मी मनात तुमच्या सगळ्या पुस्तकांची उजळणी करत होते. आणि तिवरांपलीकडे दिवा लागला.

लहान. पिवळा. बराच वेळ एका जागी. मग कुणी हातात धरून चालावं तसा जरा सरकला, आणि पुन्हा थांबला.

रखमाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "बाय, ह्यो माझा नाय," ती म्हणाली. मला म्हणाली, पण आवाज मोठा निघाला. फुलाबाईने वळून बघितलं. "काय तुझा नाय?"

मला वाटलं, आता मीच काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. तुम्ही नेली होतीत तशी. पण रखमा पुढे झाली. "आई, आदीचे दिवे मी लावले. गोपाळला. तू घरात लावू दिला नाय म्हणून बांधावर लावले. ह्यो माझा नाय."

फुलाबाई सुनेच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ती आता सुनेवर हात उचलणार की छाती पिटणार, मला अंदाज येईना. मग ती इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं, "त्या चिकलातून एकटी जात होतीस? पाय घसरला असता तर?"

आणि तिने रखमाला जवळ ओढलं. दोघी रडल्या. गोपाळसाठी त्या दोघी मिळून पहिल्यांदाच रडल्या असाव्यात. मी खाडीकडे बघत उभी राहिले. दिवा कधी गेला ते माझ्या लक्षातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

आता सांगा, तो कोणाचा होता? शैला म्हणते, "कुणीतरी खेकडे पकडत असेल गं." असेल. लाँचवाला म्हणाला, त्या बाजूला कुणी जात नाही. नसेल. मी भूगोल वाचला, इतिहास वाचला, लोकांनी सांगितलेलं ऐकलं. आणि आता मीच ती झालेय, शेवटच्या खणातली, छातीठोक सांगणारी! तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असतात का?

वाचनालयाची किल्ली सेक्रेटरी परत मागत होते. मी दिली नाही. शनिवारी मी बसणार आहे तिथे. तुम्हाला एवढा शब्द देते: गोराईच्या दिव्याबद्दल कुणी विचारायला आलं, तर आधी त्याला भरती-ओहोटीचं पुस्तक देईन, मग दलदलीचं. ते वाचून पुन्हा आला, तर आम्ही तिघींनी काय पाहिलं ते सांगीन. आणि तो "मग ते काय होतं?" म्हणाला, तर त्याच्या तोंडाकडे बघून सांगीन, मला माहीत नाही.

तुमचीच,
सुमन